चर आतल्या बाजूला आहे

आत्याच्या टेबलासमोर खिडकी होती आणि खिडकीत टेकडी. मोजणी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खोलीत, चौतीस वर्षं ती त्या टेकडीकडे तोंड करून बसली आणि एकदाही तिच्यावर चढली नाही. याला आळस म्हणता येणार नाही. कार्यालयाचा दंडकच तसा होता. जो मोजतो त्याने नकाशा काढायचा नाही आणि जो काढतो त्याने जागा बघायला जायचं नाही. जागा पाहिलेला माणूस वहीतल्या आकड्यांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विसंबतो, आणि डोळ्यांना आवडीनिवडी असतात, हे त्यामागचं कारण. मोजणीदारांनी उन्हात फिरून आकडे आणायचे, आरेखकांनी पंख्याखाली बसून त्या आकड्यांचा डोंगर करायचा. आत्याला हे मनापासून पटलेलं होतं. घरी कुणाचं भांडण तिच्यापर्यंत आलं की ती आधी विचारायची, बघितलंस की कुणी सांगितलं? आणि बघितलं म्हणणाऱ्यावर तिचा भरवसा जरा कमीच असायचा.

कार्यालयात तिला काडीबाई म्हणत. उतार दाखवायला नकाशात बारीक रेघा मारतात, झाडूच्या काड्यांसारख्या. वरच्या अंगाला जाड, खाली येताना निमुळत्या. जमीन कुठे चढते आणि कुठे उतरते हे त्या काड्या सांगतात. आत्याच्या काड्या इतक्या एकसारख्या असत की छापखान्यातले लोक म्हणत, ही बाई श्वास रोखून नकाशा काढते आणि पुरा झाल्यावर सोडते. पुढे कॉम्प्युटर आले. बाकीचे आरेखक एकेक करून निवृत्त झाले. शाईने ट्रेसिंगच्या पारदर्शक कापडावर काम करणारी ती एकटी उरली, त्यामुळे जुन्या नकाशात काही बदल करायचा असला की फाइल फिरून फिरून तिच्याच टेबलावर यायची.

तिने लग्न केलं नाही. बाबांच्या शिलाईच्या दुकानामागे आमच्या दोन खोल्या, आणि जिन्यावर तिची एक. त्या खोलीत पलंग, टेबल, टोक काढलेल्या पेन्सिलींचा पेला, आणि भिंतीवर काचेत लावलेला एक नकाशा. टेकडीवरच्या किल्ल्याचा. खाली उजव्या कोपऱ्यात, चौकटीत, तिची आद्याक्षरं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला बाबा तो नकाशा दाखवायचे. आत्या तेवढ्यात स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला जायची. आम्हाला वाटायचं, लाजते.

हा नकाशा तिने चोविसाव्या वर्षी काढला. टेकडीचा माथा मैदानासारखा सपाट आहे आणि त्यावर मातीचा एक मोठा गोल बांध आहे, बांधाला लागून चर आहे, हे गुरं चारायला नेणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. कोणी केला, कधी केला, कशासाठी केला, हे कुणालाच माहीत नव्हतं. कार्यालयाने तो मोजायला माणूस पाठवला. उंचेपुरे, शिट्टी वाजवत चालणारे, सगळ्यांशी हसून बोलणारे हे मोजणीदार. आत्या त्यांना काका म्हणायची. काकांची मोजणीवही चहाच्या डागांसकट आत्याकडे आली. त्यांनी गोलाच्या आतून बाहेर जाणाऱ्या पंधरा ओळी धरल्या होत्या आणि प्रत्येक ओळीवर दर मीटरला जमिनीची उंची लिहिली होती. चौदा ओळींचे आकडे होते. पंधराव्या ओळीसमोर फक्त लिहिलं होतं : काटेरी झुडूप, नंतर.

ते नंतर कधी आलं नाही.

आत्याने पहिली ओळ वाचली. सपाट, मग खोल, मग उंच, मग सपाट. म्हणजे आतून बाहेर निघालं की आधी चर लागतो आणि मग बांध. तिने पेन्सिल खाली ठेवली. चर नेहमी बांधाच्या बाहेर असतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. बाहेरून येणारा आधी खड्ड्यात उतरावा आणि मग त्याच्यासमोर बांध उभा राहावा, म्हणून तर तो खणतात. तिने दुसरी ओळ पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या तशाच. तिच्या मनात आलं, काका बाहेरून आत चालत आले आणि लिहिताना मात्र आतून बाहेर लिहिलं.

हे मनात येणं काही जगावेगळं नव्हतं. उलट्या टोकाने लिहिलेल्या ओळी कार्यालयात रोज येत, विशेषतः जेवणाच्या सुट्टीआधी मोजलेल्या. आरेखक त्या गुपचूप सरळ करत. याला तिथे सांभाळून घेणं म्हणत. कोण किती चांगला आरेखक आहे हे त्याच्या रेघांवरून ठरायचं, पण त्याहून जास्त तो मोजणीदारांना किती न बोलता सांभाळून घेतो यावरून ठरायचं. चूक दाखवून देणारा आरेखक शहाणा समजला जाई, आणि शहाण्याशी डबा खायला कुणी बसत नसे. आत्याला नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. तिने चौदा ओळी उलट्या केल्या. चर बाहेर गेला, बांध आत आला. पंधराव्या ओळीच्या जागी तिथे मोजलेलं नाही असं लिहायला हवं होतं. तसं लिहिलं असतं तर काकांचं झुडूप उघडं पडलं असतं. तिने ती जागा नुसती कोरी सोडली.

नकाशा छापून आला आणि टेकडीवर किल्ला झाला.

दुसरं काय होणार? गोल तटबंदी, बाहेर खंदक, आणि एका बाजूला कोरी फट, म्हणजे दरवाजा. त्यानंतर गावात किल्ला शाळा झाली, किल्ला थांबा झाला, किल्ला लाँड्री झाली. बेकरीच्या खोक्यावर आत्याचा गोल आला, फटीसकट. काकांचा सत्कार झाला. किल्ला शोधून काढणारे म्हणून त्यांच्या नावाची पितळी पाटी टेकडीच्या पायथ्याशी लागली. वर जाणाऱ्यांना चर आतल्या बाजूला दिसत नव्हता का? दिसत होता. ते त्यात उतरून फोटो काढत होते. पण हातात नकाशा होता आणि तोंडात किल्ला हा शब्द होता, तेव्हा लोक म्हणत, इथे सैनिक दडून बसत असतील. बाहेरचा खंदक गाळाने भरला असेल. एकदा किल्ला म्हटलं की सगळ्याला जागा सापडते.

आत्याच्या निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना साहेब स्वतः तिच्या खोलीत आले. साहेब वयाने तिच्याहून लहान, बोलायला मऊ. कुणाचंही मन मोडायचं नाही या धोरणावर त्यांनी इतकी वर्षं काढली होती. त्यांनी जुन्या नकाशाची मूळ ट्रेसिंग टेबलावर पसरली. टेकडीवर आता पायऱ्या होणार होत्या, वर बाकं बसणार होती, आणि लोकांना आत जाता यावं म्हणून किल्ल्याचा बुजलेला दरवाजा पुन्हा उघडणार होते. येत्या एक तारखेला माती खणणारं यंत्र वर चढणार. आत्याने फक्त फट सहा मीटर रुंद करून द्यायची, पायऱ्या जोडून द्यायच्या आणि सही करायची. तुमच्याच नकाशाने सुरुवात झाली, तुमच्याच हाताने शेवट होतोय, साहेब म्हणाले. त्यांना ते खरंच छान वाटत होतं.

सोबत जागेचा एक फोटो होता. वर गेलेल्या कुणा कर्मचाऱ्याने दगडावर उभं राहून काढलेला. काटेरी झुडूप केव्हाच गेलं होतं. जिथे दरवाजा हवा, तिथे बांध सलग होता, गवत वाढलेला, कुठेही तुटलेला नाही. पुढे कंबरेएवढ्या चरात एक माणूस उभा होता. त्याच्यामागे बांध. आणि बांधाच्या कडेवरून, अगदी टोकाला, गावातल्या पाण्याच्या टाकीचं झाकण दिसत होतं.

आत्याने तो फोटो बराच वेळ पाहिला. नकाशातली फट गावाच्या बाजूला होती, आणि फोटोत गाव बांधाच्या पलीकडे, माणूस अलीकडे. म्हणजे माणूस आत होता. चर आत होता. काकांनी बरोबर लिहिलं होतं.

तिने पेनाला झाकण लावलं.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. बाबांनी कारण विचारलं तर म्हणाली, माझ्या हातून चौतीस वर्षांत एक चूक झाली आणि ती नेमकी काचेत लावलीय. मग तिने सगळं सांगितलं. बाबांना नकाशातलं काही कळत नसे, पण कपड्यातलं कळत असे. ते म्हणाले, म्हणजे ताई, तू अख्खा किल्ला उलटा शिवलास. अस्तर बाहेर.

हसू मात्र कुणाला आलं नाही. कारण एक तारखेला जे कापलं जाणार होतं ते पुन्हा शिवता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती काकांकडे गेली. माफी मागायची आणि मोजणीवही मागायची, असं तिने ठरवलं होतं. ती वही कार्यालयात नव्हती. वह्यांच्या कपाटात त्या क्रमांकाची जागा रिकामी होती. काका आता ऐंशीच्या पुढचे, मुलाकडे राहत. सुनेने दार उघडलं, पाणी दिलं आणि मुद्दाम टीव्हीचा आवाज बारीक केला. भिंतीवर सत्काराचा फोटो होता. आत्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. काका शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, मला ठाऊक आहे.

नकाशा छापून आला त्याच दिवशी त्यांना कळलं होतं. ते तणतणत कार्यालयाकडे निघालेसुद्धा होते. वाटेत दोघांनी थांबवून हात मिळवला, किल्ला शोधलात म्हणून. कार्यालयाच्या दारात हार घेऊन लोक उभे होते. काका वर आले नाहीत. पुढल्या आठवड्यात त्यांनी वही घरी आणली.

"तू मला सांभाळून घेतलंस," ते म्हणाले, "मी तुला घेतलं. फिटलं की. आता कशाला उकरतेस?"

"तिथे यंत्र चढणार आहे, काका."

"चढू दे. मातीच आहे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या मी. माझ्या नावावर तेवढी एक पाटी आहे."

वही देता का, असं तिने विचारलं. ते नाही म्हणाले. रागाने नाही, जेवण झालंय म्हणून वाढून घेत नाही त्या सुरात. आत्या उठली. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाली की मी दुरुस्त करणार ती माझी चूक आहे, तुमच्या वहीत चूक नव्हतीच. काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

साहेबांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकलं. वही नाही, तर पुरावा काय? एका फोटोवरून नकाशा बदलत नाहीत. पुन्हा मोजणी करायची तर अर्ज, मंजुरी, यंत्रं, माणसं, चार महिने तरी जाणार. आणि अकरा दिवसांनी, म्हणजे आता नऊ, तुम्ही मोकळ्या. कशाला शेवटी शेवटी स्वतःच्या कामाला काळं फासता? यातलं शेवटचं वाक्य त्यांनी प्रेमाने म्हटलं होतं, आणि आत्याला तेच झोंबलं.

तिने कपाटातून नियमांचं जुनं पुस्तक काढलं. त्याची पानं पिवळी पडली होती, पण रद्द कुणी केलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की मूळ नकाशातली आरेखनाची चूक, नव्या मापांच्या आधारे, ज्याने तो काढला त्यानेच, नोकरीत असेपर्यंत, तारीख आणि सही घालून दुरुस्त करावी. त्यानंतर मूळ नकाशाला कुणी हात लावू नये. वरिष्ठांची संमती लागते असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. माप कोणी घ्यावं, कशाने घ्यावं, तेही नव्हतं. तिने ते पान साहेबांना दाखवलं आणि रविवारी मोजते म्हणाली. साहेबांनी मोजणीच्या यंत्रांच्या खोलीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. आरेखकाला यंत्र देत नाहीत, हाही नियमच.

तेव्हा आम्ही रविवारी सकाळी टेकडी चढलो ते बाबांच्या दुकानातल्या सामानावर. बारा मीटर सुतळी, तिला दर मीटरला गाठ आणि गाठीला रंगीत दोरा. सगळ्या गाठी बाबांच्या टेपने दोनदा तपासलेल्या. बाबांनी आकडे घातलेल्या दोन सरळ पट्ट्या. आणि शेजारच्या गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी, जिने ते भिंतीची पातळी धरतात. नळीची दोन टोकं कुठेही न्या, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं. गवंड्याने देताना बजावलं होतं की आत बुडबुडा राहिला तर नळी खोटं बोलते. आत्याने पायथ्याशी बसून एकेक बुडबुडा टिचक्या मारून बाहेर काढला. वर जाताना तिचे गुडघे दुखत होते. बाबा दर वळणावर म्हणत, ताई, ज्यांनी केलं त्यांनी जरा खालीच करायचं होतं. पितळी पाटीपाशी ती थांबली नाही.

माथ्यावर पोचल्यावर तिने एक गोष्ट केली, जी मी विसरणार नाही. ती बांधाकडे पाठ करून गोलाच्या मधोमध एका दगडावर बसली, मांडीवर वही घेतली आणि म्हणाली, सांगा आकडे.

बाबांना आधी काही कळेना. इतकं चढून आलीस आणि बघत नाहीस? ती म्हणाली, काढणार मी आहे. काढणाऱ्याने बघायचं नसतं. फोटोने एकदा सांगितलंय, आता आकड्यांना सांगू दे.

मग पंधरा ओळी झाल्या. नळीचं एक टोक माझ्याकडे, आतल्या सपाटीवर. दुसरं घेऊन बाबा सुतळीच्या एकेका गाठीवर जात, चरात उतरत, बांधावर चढत, पाणी स्थिर होईपर्यंत थांबत आणि ओरडून आकडा सांगत. आत्या तो मोठ्याने परत म्हणायची आणि लिहायची. एकदा माझं टोक हललं तर तिने पाठमोरी असूनही आकड्यावरून ओळखलं आणि अख्खी ओळ पुन्हा करायला लावली. ऊन चढलं. बाबांच्या विजारीला चिखल लागला. बाबांचा गाऱ्हाण्यांचा साठा नवव्या ओळीला संपला. मग ते नुसते आकडे सांगू लागले. पंधराव्या ओळीवर, नकाशात जिथे फट होती तिथे, बाबा बांधावर चढले आणि बांध इतर चौदा ठिकाणी होता तेवढाच उंच भरला. दोन मीटर, वर चार बोटं.

आत्याने वही मिटली, चष्मा पुसला आणि वळून बसली.

 समोर फार काही नव्हतं. गवत, माती आणि एक मोठा संथ गोल, जो तिने ट्रेसिंगवर काढला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. ती उठली, चालत गेली आणि हाताने गवत धरत धरत चरात उतरली. आम्हीही उतरलो. चरात बसलं की समोर बांधाचा उतार येतो आणि त्याच्यावर आभाळ. बाकी काही नाही. टाकी नाही, धूर नाही, रस्त्याचा आवाजसुद्धा बांधापलीकडे राहतो.

"ताई," बाबा म्हणाले, "आपलं गाव गेलं."

मग त्यांनी डोकं चालवायला सुरुवात केली. शत्रूसाठी असेल तर हा वेडेपणाच, स्वतःच स्वतःच्या खड्ड्यात पडायची सोय. आतलं काही बाहेर जाऊ नये म्हणून असेल. गुरं? मग चराच्या काठाला खुंट तरी हवे होते. पाणी साठवायला? पाणी तर मुरतं. की काही न दिसावं म्हणूनच केलं असेल, गावाचा कंटाळा येणारी माणसं तेव्हाही असतीलच. दर वेळी ते आत्याकडे बघत आणि दर वेळी ती म्हणे, असेल. शेवटी बाबा वैतागले. तुला काय वाटतं ते तरी सांग.

ती म्हणाली, मला वाटलं होतं तेच तर काचेत लावलंय.

सोमवारी तिने ट्रेसिंग टेबलावर चिकटवली. जुनी शाई ब्लेडने खरवडून काढतात. ब्लेड अगदी आडवं धरायचं, कापडाला ओरखडा न उठवता नुसता रंग उचलायचा. एका वेळी एक काडी. दोन दिवस ती स्वतःच्याच काड्या खरवडत होती. दारातून जाणारे डोकावत आणि निघून जात. तिसऱ्या दिवशी तिने नव्या काड्या मारायला घेतल्या, चर आत, बांध बाहेर, पंधराव्या ओळीवर सलग. श्वास रोखून. वर किल्ला हा शब्द होता. तोही गेला. त्या जागी तिने लिहिलं : मातीचा गोल बांध, आत चर. काळ आणि उपयोग माहीत नाही. आणि कोपऱ्यातल्या चौकटीखाली : पूर्वीच्या नकाशात चर बाहेर दाखवला आणि एक जागा न मोजता कोरी सोडली; दोन्ही चुका आरेखकाच्या. तारीख. सही. या वेळी आद्याक्षरं नव्हती, तिने पूर्ण नाव लिहिलं.

साहेब उभ्या उभ्या वाचत होते. माहीत नाही या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. हे असं मोजणी कार्यालयाच्या नकाशावर लिहितात का, असं त्यांनी विचारलं. संभाव्य किल्ला म्हणा. किल्लासदृश म्हणा. शाळेचं नाव आहे, थांब्याचं नाव आहे, लोक हसतील आपल्याला.

"किल्ला नाही असं तरी कशावरून म्हणता तुम्ही?"

"मी किल्ला नाही असं म्हणत नाही," आत्या म्हणाली. "मी म्हणते, चर आतल्या बाजूला आहे."

"आणि दरवाजा?"

"दरवाजा नव्हताच, साहेब. तिथे झुडूप होतं आणि मी होते. मोजलेलं नाही एवढे दोन शब्द तेव्हा लिहिले असते, तर तुम्हाला दरवाजा दिसला नसता."

त्यांनी फट रुंद केलेला दुसरा कागद पुढे सरकवला, तिच्या सहीची चौकट रिकामी असलेला. आत्याने तो दोन बोटांनी परत सरकवला. साहेब म्हणाले, तुमच्यानंतर येणाऱ्याची सही घेईन. ती म्हणाली, घ्या. पण आता मूळ नकाशात बांध सलग आहे. जो सही करेल त्याला आधी त्याच्या नावाने लिहावं लागेल की मी सलग बांध कापतोय. असा कुणी मिळाला तर मला कळवा, मला त्याला बघायचंय.

एक तारखेला यंत्र पायथ्याशी आलं आणि पाच दिवस तिथेच उभं राहिलं. सही करायला कुणी मिळालं नाही. धैर्याचा भाग त्यात नव्हता. उलट, कोणालाच स्वतःच्या नावाने काही लिहायचं नव्हतं. ज्या सवयीने किल्ला उभा राहिला होता तिनेच तो बांध वाचवला, असं आत्या म्हणते, आणि हे तिला मुळीच आवडत नाही.

पायऱ्या झाल्या, पण त्या बांधाच्या अलीकडे संपतात. पुढे ज्याला जायचंय त्याने गवत धरून चढावं. पितळी पाटी काढली. त्यासाठी आत्याने काही म्हटलं नव्हतं. साहेबांनीच काढायला लावली, सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून. काका त्यानंतर दोनदा दुकानावरून गेले, काठी टेकत, आणि दोन्ही वेळा त्यांनी मान दुसरीकडे वळवली. बाबा म्हणाले, म्हातारा फारच धरून बसलाय. आत्या म्हणाली, धरू दे. आधी न मागितलेलं दिलं त्यांना, मग परत नेलं. राग यायलाच हवा.

गावाने तिला माफ केलं आहे असं मला वाटत नाही. किल्ला लाँड्री अजून किल्ला लाँड्रीच आहे. दुकानात कपडे द्यायला आलेले लोक मुद्दाम जिन्याकडे बघून विचारतात, मग काय ठरलं तुमच्या बहिणीचं, काय आहे ते वर? आत्या कधी खाली येते, कधी येत नाही. आली तर दाराआडच्या खिळ्याकडे बोट दाखवते. तिथे सुतळी आणि दोन पट्ट्या टांगलेल्या आहेत. नळी शेजारी मिळते. ज्याला मत आहे त्याने घेऊन जावं आणि आकडे आणून दाखवावेत, असं तिचं म्हणणं. आजवर तिघांनी नेलं. एकाने खरोखर मोजलं.

वर, पायऱ्या जिथे संपतात तिथे, आता नवा फलक आहे. त्यावर तिचा नकाशा आहे आणि तिचं वाक्य आहे, काळ आणि उपयोग माहीत नाही. फलक लागल्याच्या आठवड्यात कुणीतरी खिळ्याने त्याखाली कोरलं, किल्लाच आहे. कार्यालयातून फोन आला, रंगवून बुजवू का? आत्या म्हणाली, राहू दे. फक्त ज्याने लिहिलंय त्याला सांगा, खाली तारीख आणि सही घाल म्हणावं.